शाळेतली दादागिरी : पालक सभासदांनी काय ओळखावे, काय करावे



या पानावर आमच्याकडून आपणांस बेण्याची निवड, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या, खोडव्याची निगा हेच वाचण्याची सवय आहे. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. ऊसनोंदीच्या किंवा तोडणी कार्यक्रमाच्या निमित्ताने आम्ही धर्मापुरी आणि आसपासच्या गावांतून घरोघर जात असतो. ओसरीवर चहा होतो, उसाचे बोलणे संपते, आणि मग पुष्कळदा घरातले कोणीतरी हळूच म्हणते, "साहेब, हे लेकरू शाळेचं नाव काढीना झालंय. रोज सकाळी पोट दुखतं म्हणतंय. काय करावं?"

आम्ही शेतकी पदविकेची माणसे. मुलांचे मन हा आमच्या अभ्यासक्रमातला विषय नव्हता. परंतु हाच प्रश्न एका हंगामात चार-पाच घरी कानावर आला, तेव्हा आम्ही शिक्षकांशी बोललो, चार ठिकाणी वाचले, आणि जे समजले ते आपणांपुढे ठेवावे असे ठरविले. त्या घरांपैकी बहुतेक ठिकाणी पोटदुखीचे मूळ पोटात नव्हते. ते शाळेच्या रस्त्यावर, मधल्या सुट्टीत किंवा मागच्या बाकावर होते. कोणीतरी रोज चिडवत होते, मारत होते, डबा हिसकावत होते, नाहीतर सगळी मिळून त्या लेकराशी बोलत नव्हती.

आपल्या बीड जिल्ह्यात ही गोष्ट किरकोळ समजून चालणार नाही. आपल्याकडे शाळा सुटलेल्या मुलाच्या हाती कोयता यायला वेळ लागत नाही, आणि शाळा सुटलेल्या मुलीच्या लग्नाचे बोलणे लगेच सुरू होते. म्हणजे वर्गातल्या चार पोरांच्या हसण्यापायी एखाद्या लेकराचे सबंध आयुष्य वेगळ्या वाटेला लागू शकते.

खोडी कोणती आणि छळ कोणता?

पोरे भांडणारच. सकाळी डोकी फोडतील आणि दुपारी एका ताटात जेवतील. अशा प्रत्येक भांडणात मोठ्यांनी पडू नये, हे जुने शहाणपण खरेच आहे. पण प्रत्येक त्रास हा खोडकरपणा असतो असेही नाही. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : हे मुद्दाम त्रास देण्यासाठी केलेले आहे काय? दुसरा : हे एकदाच घडले की पुन्हा पुन्हा घडते आहे? तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : दोन्ही बाजू तोडीस तोड आहेत काय? एक वरच्या वर्गातला आणि दुसरा लहान, एका बाजूला पाचजण आणि दुसऱ्या बाजूला एक, एक गावातल्या वजनदार घरचा आणि दुसरा आजीच्या आधाराने राहणारा, अशी स्थिती असेल आणि पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल, तर तो खेळ नव्हे. तो छळ आहे.

हे तीन निकष नॉर्वे देशातील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी मांडले. त्यांनी या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास १९७० च्या दशकात सुरू केला. त्यापूर्वी तिकडेही "पोरं आहेत, चालायचंच" असेच म्हटले जात होते. १९८२ साली नॉर्वेच्या उत्तर भागात तीन मुलांनी आत्महत्या केल्या. १० ते १४ वर्षांची ती मुले होती. शाळेतल्या छळाला कंटाळून त्यांनी जीव दिला असे दिसून आले, तेव्हा तो देश खडबडून जागा झाला आणि १९८३ मध्ये देशभरातल्या शाळांतून त्याविरुद्ध मोहीम सुरू झाली. तिच्या फळाविषयी पुढे सांगू.

छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. टोपणनाव पाडणे, आईबापाच्या धंद्यावरून बोलणे, जातीवरून, रंगावरून, लंगडेपणावरून, तोतरेपणावरून नकला करणे, वही लपवणे, सायकलची हवा सोडणे, पैसे मागणे हे सारे त्यात येते. मुलींमध्ये बहुधा हात उचलला जात नाही. तिथे अबोला धरतात, आपल्यात बसू देत नाहीत, नाव जोडून कुजबुज करतात. गावाने एखाद्या घराला वाळीत टाकावे तसेच ते असते, फक्त लहान अंगाचे. त्यात आता मोबाईलची भर पडली आहे. पूर्वी घंटा झाली की निदान घरी तरी सुटका असे. आता एखाद्याचा वेडावाकडा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकतात, आणि ते हसणे रात्री अंथरुणापर्यंत येते.

आपल्या भागात भोगतो कोण?

आपल्या भागातली एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या शाळांत सापडणार नाही. आपल्या गावांत काही घरांचा ऊस कारखान्याला जातो आणि काही घरे ऊस तोडायला जातात. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्या उन्हाळा लागता परततात. मागे राहिलेली लेकरे आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने शाळा करतात. बरीचशी आईबापाबरोबर फडावर जातात. बागायतदाराचे आणि तोडकऱ्याचे लेकरू एकाच वर्गात, कधी एकाच बाकावर बसते.

चार-पाच महिन्यांनी परत आलेल्या मुलाची दशा काय होते याचा विचार करा. गणित पुढे गेलेले असते, कविता पाठ झालेल्या असतात, जोडीदारांनी दुसरे जोडीदार धरलेले असतात. त्याला वाचता आले नाही की मागून कोणी म्हणते, "ए कोयता!" सगळा वर्ग हसतो. फडावर कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. तो शब्द लेकराला नाव म्हणून चिकटला की लवकर निघत नाही. आमच्या माहितीतल्या एका गावी सहावीतला एक मुलगा असाच परत आला, आठ दिवस वर्गात बसला आणि नवव्या दिवसापासून शेळ्या घेऊन रानात जाऊ लागला. घरच्यांना वाटले, पोराला शिक्षणाची गोडीच नाही. त्याला गोडी होती. वर्गात जायची लाज वाटत होती, एवढेच.

येथे आम्हाला उत्पादक सभासदांशी दोन शब्द स्पष्ट बोलायचे आहेत. ज्या हातांनी आपला ऊस वेळेवर तुटून गव्हाणीत पडतो, त्या हातांची ही लेकरे आहेत. टोळी आली नाही तर आपण किती कासावीस होतो हे आम्ही प्रत्येक हंगामात पाहतो. आणि त्याच टोळीतल्या माणसाच्या मुलाला आपला मुलगा शाळेत 'कोयता' म्हणून हाक मारतो, हे आपल्याला शोभणारे नाही.

याशिवाय एकट्या आईचे लेकरू, कर्जापायी वडील गेलेले लेकरू, अंगाने अधू, फार हुशार, फार भित्रे, नव्याने गावात आलेले, बोली वेगळी असलेले, ही सारी लेकरे सोपी सावजे असतात. थोडक्यात सांगायचे तर ज्याच्या पाठीशी कोणी उभे राहणार नाही अशी खात्री वाटते, त्यालाच गाठले जाते.

मोठ्यांनी घालून दिलेले धडे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव सातारच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले ती तारीख ७ नोव्हेंबर १९००. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्र शासन विद्यार्थी दिन म्हणून पाळते. साताऱ्याच्या शाळेत हा मुलगा इतरांपासून वेगळा, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत असे. शाळा झाडणारा माणूस त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. ही हकीकत त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवली आहे.

आता यात वर्गातल्या मुलांचा दोष किती? मुलांनी तो नियम केलेला नव्हता. तो मोठ्यांनी केलेला होता आणि मुले तो रोज डोळ्यांनी पाहात होती. कायदा बदलला, तो नळ सर्वांना खुला झाला. पण मोठे करतात तेच लहान शिकतात ही गोष्ट काही बदललेली नाही.

दादागिरी करणारे पोर आभाळातून पडत नाही. कधी त्याला घरी पट्ट्याचा मार असतो आणि तो मार ते शाळेत दुसऱ्याला देते. कधी घरात लाड इतके असतात की 'नाही' हा शब्द त्याने ऐकलेलाच नसतो. कधी ते अभ्यासात मागे असते आणि चारजणांना हसवून मोठेपण मिळवते. आणि कधी ते फक्त आपली नक्कल करीत असते. बांधावर उभे राहून आपण तोडकऱ्याला 'अरे-तुरे' करतो, त्याच्या बाईला कसे हाकारतो, भावकीतल्या माणसाचा उल्लेख कोणत्या नावाने करतो, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडलेल्या बाजूची कशी टिंगल करतो, हे सगळे शेजारी उभे असलेले दहा वर्षांचे पोरगे ऐकत असते. दुसऱ्या दिवशी ते शाळेत तेच बोलते, आणि आपण म्हणतो, "कुठून शिकलं हे?"

म्हणून त्रास देणाऱ्या मुलाला राक्षस समजू नये. त्याला थांबवायचे आहे, आणि थांबवून सुधारायचेही आहे. ते तसेच वाढले तर पुढे मारामाऱ्या, व्यसने आणि पोलीस ठाणे यांच्याशी त्याची गाठ पडण्याची शक्यता इतरांहून जास्त असते, असे ओल्वेयस यांनी अशा मुलांचा मोठेपणापर्यंत माग घेऊन दाखविले आहे. तेव्हा त्याला वेळीच आवरण्यात त्याच्या आईबापाचेही हित आहे.

लक्षणे : वरून पिवळे, खाली हुमणी

हुमणी लागलेला ऊस पहिल्यांदा काही सांगत नाही. पाने पिवळी पडतात, आपल्याला वाटते पाणी कमी पडले असेल, युरिया टाकावा. ठोंब ओढला की हातात येतो, तेव्हा कळते की मुळे केव्हाच खाल्ली गेली आहेत. लेकराचेही असेच असते. ते तोंडाने सांगत नाही. कारण त्याला लाज वाटते, सांगितले तर जास्त मार बसेल अशी भीती असते, आणि आपण "तू काय बांगड्या भरल्यात का?" असे म्हणू, हेही त्याला ठाऊक असते. म्हणून खालील खुणांकडे लक्ष ठेवावे.

(१) शाळेच्या दिवशी सकाळी पोट किंवा डोके दुखणे आणि रविवारी काहीही न दुखणे.
(२) कपडे, दप्तर, वह्या वारंवार फाटणे किंवा हरवणे. अंगावर वळ असणे आणि "पडलो" एवढेच उत्तर मिळणे.
(३) घरी आल्याबरोबर हावऱ्यासारखे जेवणे, म्हणजे डबा दुसऱ्याच्या पोटात गेलेला असणे.
(४) लघवी दाबून घरी येणे. शाळेतले मुतारीचे ठिकाण हे त्रासाचे नेहमीचे ठिकाण असते.
(५) नेहमीचा रस्ता सोडून लांबच्या वाटेने जाणे, एस.टी. मुद्दाम चुकविणे, घरातले पैसे गुपचूप नेणे.
(६) अभ्यासात एकाएकी मागे पडणे, झोपेत दचकणे, मोबाईल वाजला की चेहरा उतरणे.
(७) "मी नसतो तर बरं झालं असतं" असे काही बोलणे. हे शब्द कानी पडले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. लेकराला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

एखादी खूण दिसली म्हणजे छळच होतो आहे असे समजू नये. दोन-तीन एकदम दिसल्या तर मात्र शांतपणे विचारपूस करावी.

बघ्यांच्या हाती निकाल आहे

आता या लेखातला मुख्य मुद्दा. छळाच्या प्रसंगात दोनच बाजू असतात असे आपण समजतो, मारणारा आणि मार खाणारा. प्रत्यक्षात तिसरी बाजू सर्वांत मोठी असते, ती म्हणजे बघणारी पोरे. कॅनडात शाळांच्या मैदानांवरचे असे प्रसंग कॅमेऱ्याने टिपून अभ्यासले गेले आणि २००१ साली ते प्रसिद्ध झाले. दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत इतर मुले हजर होती. पण त्यांनी मध्ये पडण्याचे प्रसंग पाचांत एक एवढेच होते. आणि ज्या वेळी कोणी मध्ये पडले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद म्हणजे एक मोळी उचलून खांद्यावर घ्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ नाही.

याचे कारण उघड आहे. दादागिरी करणाऱ्याला बघे हवे असतात. हसणारे नसतील तर तमाशा उभा राहात नाही. फिनलंडमध्ये हाच विचार धरून तुर्कू विद्यापीठाने शाळांसाठी एक कार्यक्रम तयार केला आणि २००९ पासून तो देशभर नेला. त्यात त्रास देणाऱ्याला समज दिली जातेच, पण अधिक भर वर्गातल्या बाकीच्या मुलांवर असतो : हसू नका, सामील होऊ नका, त्रास झालेल्याजवळ जाऊन बसा. नॉर्वेतही १९८३ च्या मोहिमेत बर्गेन शहर परिसरातील ४२ शाळांतल्या सुमारे अडीच हजार मुलांची पाहणी दोन वर्षे चालली, आणि छळ जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे आढळले. तिथे कोणाला शाळेतून काढून टाकले म्हणून हे झाले नाही. वर्गात स्पष्ट नियम केले, मधल्या सुट्टीत शिक्षक मैदानावर फिरू लागले, पालकांना बोलावून बोलणे झाले. एवढी साधी कामे, पण सगळ्यांनी एकाच वेळी केली.

हुमणीचे आम्ही आपणांस दरवर्षी काय सांगतो? वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. फांद्या हलवून ते पाडा आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. आणि पुढे हेही सांगतो की हे एकट्याने करून भागत नाही. एकाने गोळा केले आणि शेजाऱ्याने सोडले तर पुढल्या वर्षी दोघांच्याही रानात हुमणी. शाळेतल्या छळाचे अगदी असेच आहे. ज्याच्या लेकराला त्रास होतो त्याच्या एकट्याने तो थांबत नाही. ज्यांच्या लेकरांना काहीच त्रास नाही, त्या घरांनी हात लावला तरच तो थांबतो. फरक एवढाच की भुंगेरा मारायचा असतो. इथे सगळीच लेकरे आपली आहेत.

काय करू नये

"तूही दे एक ठेवून" असे सांगू नये. ताकद सारखी असती तर प्रश्नच उद्भवला नसता. लहान पोर मार खाऊन येते आणि वर आपली निराशा केली म्हणून अधिक खचते.

"लक्ष देऊ नको, गप होतील" हेही नुसते सांगू नये. रोज होणाऱ्या गोष्टीकडे लक्ष न देणे मोठ्यांनाही जमत नाही.

स्वतः काठी घेऊन शाळेत जाऊ नये. पोरांच्या भांडणावरून दोन भावक्या समोरासमोर आल्याचे आपण पाहिले आहे. मोठे कोर्टात तारखा करीत बसतात, आणि ती दोन पोरे आठ दिवसांत पुन्हा गोट्या खेळताना दिसतात. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा आपण ज्या कारणांचे तंटे मिटवायला बसलो, त्यांत पोरांवरून पेटलेली भांडणे थोडी नव्हती.

दोन्ही पोरांना सगळ्यांसमोर उभे करून "हात मिळवा, झालं" असे गुरुजींनी करू नये. त्रास झालेले लेकरू त्या वेळी मान डोलावते आणि शाळा सुटल्यावर त्याची किंमत मोजते. दोघांशी वेगवेगळे बोलावे.

काय करावे

घरी. लेकरू बोलेल तेव्हा हातातले काम ठेवून ऐकावे. पहिले वाक्य हे असावे, "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही." मग कोण, कुठे, केव्हा, जवळ कोण कोण होते, हे शांतपणे विचारावे आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावे. मोबाईलवरचा प्रकार असेल तर तो पुसू नये, तसाच जपून ठेवावा.

शाळेत. वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटावे. आरोप करण्याच्या सुरात बोलू नये. "गुरुजी, यात आपली मदत पाहिजे" असे म्हणावे. काय करणार आणि पुन्हा केव्हा भेटायचे, हे विचारूनच उठावे. पंधरा दिवसांनी जरूर जावे. पुष्कळ तक्रारी पहिल्या भेटीनंतर थंड पडतात, कारण पालक दुसऱ्यांदा जातच नाहीत.

आपल्याच मुलाची तक्रार आली तर. ही सर्वांत अवघड गोष्ट आहे. "माझा पोरगा तसला नाही" असे लगेच म्हणू नये, आणि मुलाला बडवूही नये. बडवले तर मोठ्याने लहानाला मारावे हाच धडा पुन्हा मिळतो. खाली बसवून विचारावे, झाले ते चूक आहे हे ठामपणे सांगावे, आणि भरपाई करायला लावावी. वही फाडली असेल तर नवी वही त्याने स्वतः नेऊन द्यावी. एक-दोन महिने लक्ष ठेवावे.

ज्यांच्या घरी तक्रार नाही त्यांनी. रात्री जेवताना आपल्या लेकराला एवढेच विचारावे : "तुमच्या वर्गात एकटं कोण बसतं?" उत्तर मिळेल. मग म्हणावे, "उद्या तू त्याच्याजवळ बस." मारामारीत उडी घ्यायला सांगू नये, तेवढे धाडस प्रत्येकाला झेपत नाही. न हसणे, जवळ जाऊन बसणे आणि गुरुजींना सांगणे ही तीन कामे कुठलेही लेकरू करू शकते. गुरुजींना सांगणे म्हणजे चुगली नव्हे, हे मात्र आपण घरात स्पष्ट करून द्यावे.

वर ज्या सहावीतल्या मुलाचा उल्लेख केला, त्याच्या बाबतीत एवढेच झाले. शिक्षक घरी गेले, त्याला पुढच्या बाकावर दोन समजूतदार मुलांमध्ये बसविले, आणि वर्गात एकही शब्द न वाढवता 'कोयता' हे नाव बंद केले. त्या दोघांपैकी एकजण आपल्याच एका उत्पादक सभासदाचा मुलगा होता. तो रोज सकाळी त्याला घरून बोलावून नेत असे. मुलगा सातवीत गेला. दुसऱ्या एका गावी आठवीतल्या मुलीचे मात्र वेळेवर कळले नाही. मैत्रिणींनी वाळीत टाकले म्हणून तिने शाळा सोडली ती सोडलीच.

शाळा व्यवस्थापन समिती आणि कायदा

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. कलम २१ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे ही समिती आपलीच आहे. पण तिच्या सभेत आपण बोलतो ते खिचडीवर आणि वर्गखोलीच्या पत्र्यांवर. वर्षातून दोन सभांत तरी या विषयासाठी अर्धा तास ठेवावा : मधल्या सुट्टीत मैदानावर कोण फिरते, मुतारीजवळ लक्ष कोणाचे, एस.टी. थांब्यावर काय चालते.

शाळांत तक्रारपेटी बसविण्याचे आदेश शासनाने २०१७ मध्ये दिले आहेत, आणि मुला-मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमण्याचा निर्णय २०२२ चा आहे. पेटी आहे काय, ती उघडते कोण आणि केव्हा, हे समितीने विचारावे. जातीवरून चारचौघांत अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा विषय होतो, हेही घरातल्या मोठ्या मुलांना समजावून सांगावे. लेकराला तातडीची मदत लागल्यास १०९८ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो. लेकरू स्वतःही करू शकते. हा क्रमांक दप्तराच्या आत लिहून ठेवावा.

टोळ्या जाण्यापूर्वी आणि परतल्यावर

शेवटी आपल्या भागापुरती एक सूचना. हंगाम सुरू होण्यापूर्वी शाळा समितीने दोन याद्या कराव्यात : आजी-आजोबांजवळ राहणारी लेकरे कोणती, आणि फडावर जाणारी कोणती. मागे राहणाऱ्या प्रत्येक लेकरासाठी गावातले एक घर नेमून द्यावे. आईबापाचा फोन त्या घरी यावा, लेकराने अडचण तिथे सांगावी. उत्पादक सभासदांनी ही जबाबदारी आनंदाने घ्यावी. फडावरून परतणाऱ्या लेकरांसाठी पहिल्याच दिवशी वर्गात जोडीदार ठरवून ठेवावा. मागच्या वह्या उतरवून द्यायला त्याने मदत करावी. फडावर ज्या मुलाने चार महिने आईबापाचे जेवण सांभाळले, लहान भावंड सांभाळले, दूरचा मुलूख पाहिला, त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. गुरुजींनी त्याला ते वर्गापुढे मानाने सांगू द्यावे.

या सगळ्याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही. आज रात्री जेवताना आपल्या लेकराला तो एक प्रश्न विचारावा आणि उत्तर काय आले ते शाळेत कळवावे. गट कार्यालयात आलात तर आम्हालाही जरूर सांगा. पुढील अंकी खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहू.

जय सहकार.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग